स्विमिंग पूलमधल्या किड्यांचं जेवण बंद करा: या चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) उरकली की गोव्यात बार्देश तालुक्यातल्या व्हिलांमधून मला ठरलेला फोन येतो. "दादा, पूलमध्ये काळे किडे पोहतायत, आणि शुक्रवारी पाहुणे यायचेत." मागोमाग एक अंधुक फोटो. घर शेताला लागून असेल तर हा फोन हमखास. भाताच्या खाचरांत, तळ्यांत, चिऱ्यांच्या जुन्या खाणींत पावसाळाभर पाणी साठलेलं असतं, तिथे हे किडे वाढतात. त्यांना पंख असतात हे मात्र फार जणांच्या गावी नसतं. रात्री उडत येतात आणि चकाकणारं सपाट काही दिसलं की पाणी समजून उतरतात. काळ्या गाडीच्या बॉनेटवरही आपटतात बिचारे. तेव्हा किडे आले, यात केअरटेकरवर ओरडण्यासारखं काही नाही. आठवडाभर टिकले, तर मात्र तुमच्या पाण्यात त्यांच्या खाण्याची सोय आहे.

किडा न बघताच औषध विचारणं

ही पहिली चूक, आणि सगळ्यात महाग पडणारी. जाळीने एक किडा काढा, पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन त्यात सोडा आणि मिनिटभर बघा. मागचे दोन लांब पाय वल्ह्यांसारखे मारत, पोट खाली ठेवून पोहत असेल तर तो शेवाळ खाणारा. चावत नाही. मी त्याला नुसतं 'वल्हेवाला' म्हणतो. तसाच दिसणारा पण पाठीवर उताणा पोहणारा असेल, तर तो शिकारी. वल्हेवाल्यांना आणि इतर बारीक किड्यांना तो खातो. हातात धरला तर डसतोही. मला एकदा तळहाताला डसला, मधमाशी चावल्यासारखी कळ आली. त्यातून रोग होत नाही, पण पाहुण्यांच्या लेकराला चावला तर तुमचं ऐकून कोण घेणार?

म्हणजे साखळी अशी: शेवाळ, त्यावर वल्हेवाला, त्याच्यावर उताणा. शेवाळ गेलं की पहिला उपाशी, आणि तो गेला की दुसरा. 'पाणी तर निळंशार आहे' हे मला सांगू नका. शिडीच्या मागे, लाईटच्या चौकटीत, टाइलच्या सांध्यात बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तिथे त्यांचं जेवण वाढलेलं आहे.

कधीकधी बोटाएवढा चपटा, मातकट रंगाचा मोठा किडाही सापडतो. तो दिव्यावर आलेला असतो आणि जोरात चावतो, त्याला हाताने उचलू नका. त्याच्याच छोट्या भाऊबंदांत एक असा, की मादी अंडी नराच्या पाठीवर चिकटवते आणि तो ती घेऊन हिंडतो. असा दिसला तर मी त्याला बादलीतून शेजारच्या तळीत सोडून येतो. एवढे लाड चालतात.

घरातला स्प्रे, भांड्यांचा साबण

डास-झुरळांचा स्प्रे पूलमध्ये मारायचा नाही. माणसं त्या पाण्यात उतरतात, तोंडात घेतात. इथे चर्चा नाही.

साबणाचा उपाय खरा आहे, पण अर्धवट ऐकून केला जातो. हे किडे श्वासासाठी पाण्याच्या वरच्या पातळ थरावर अवलंबून असतात. रात्री पंप बंद करून, एका टोकाला दिवा लावून तिथे चार-पाच चमचे भांड्यांचा पातळ साबण सोडला की तो थर मोडतो आणि बरेच किडे बुडतात. सकाळी जाळीने काढायचे. मी पहिल्यांदा केला तेव्हा पंप टायमरवर आहे हे विसरलो. पहाटे पाच वाजता तो सुरू झाला आणि ओव्हरफ्लोच्या गटारातून फेस बागेतल्या जास्वंदीपर्यंत गेला. शिवाय शेवाळ जागेवरच असेल तर चार दिवसांनी नवी तुकडी हजर.

ब्रश न मारता क्लोरीन ओतणं

शेवाळाच्या बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोचत नाही. आधी भिंती, पायऱ्या, कोपरे घासा. मग पीएच 7.2 ते 7.4 वर आणा, कारण पीएच चढलेला असला की तेच क्लोरीन निम्म्या जोराने काम करतं. शॉक, म्हणजे एकदम दिलेला क्लोरीनचा मोठा डोस, संध्याकाळी द्या, उन्हात तो वाया जातो. 8 बाय 4 मीटरच्या, सरासरी दीड मीटर खोल पूलमध्ये 48,000 लिटर पाणी असतं. त्यात 10 पीपीएम (लिटरमागे 10 मिलिग्रॅम) क्लोरीन चढवायला 65 टक्क्यांची क्लोरीन पावडर साधारण 740 ग्रॅम लागते. रात्रभर पंप चालू ठेवा, नंतर फिल्टर बॅकवॉश करा (उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा), आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएमवर उतरल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका.

क्लोरीन उन्हात टिकावं म्हणून सायन्युरिक अ‍ॅसिड असतं, 30 ते 50 पीपीएम पुरतं. आपल्याकडे पावसात पूल भरून वाहतो आणि ते धुऊन जातं. मग ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारी गायब, आणि नेमके तेव्हाच शेतातले किडे येतात. उलट नोव्हेंबर ते मे नुसत्या ट्रायक्लोर टॅब्लेटवर (यांत क्लोरीनबरोबर सायन्युरिकही असतं) पूल चालवला, तर रोज 2 पीपीएम क्लोरीनमागे महिन्याला सुमारे 36 पीपीएम सायन्युरिक चढत जातं, आणि ते फार झालं की क्लोरीनचा जोर कमी पडतो. एप्रिलमध्ये 'एवढं क्लोरीन टाकतो तरी हिरवं' म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुधा हेच. तिथे थोडं पाणी काढून नवं भरणं, याला दुसरा उपाय नाही.

आणि टॅब्लेट व पावडर एकाच डब्यात, एकाच मापाने कधीही नाही. दोन्ही एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो.

पावसाळ्यात पंप बंद

पाहुणे नाहीत म्हणून जूनमध्ये पंप बंद करणारे मालक मला दरवर्षी भेटतात. वीजबिल वाचतं, सप्टेंबरमध्ये त्याच्या दुप्पट खर्च होतो. पंप चालू असला तरी एक गोष्ट बघा: पाणी स्किमरच्या (भिंतीतला, वरचा कचरा ओढून घेणारा खण) तोंडाच्या मध्यावर हवं. दोन दिवस झोडपून पाऊस पडला की पातळी तोंडाच्या वर जाते, स्किमर वरचा कचरा ओढेनासा होतो, आणि फणसाची पानं, वाळवीचे पंख, मेलेले किडे तिथेच कुजतात. जास्तीचं पाणी काढून टाका.

पूलचे दिवे रात्रभर पांढरेशुभ्र जळत ठेवू नका. दहानंतर बंद करा. बागेत दिवा हवाच असेल तर पिवळसर, आणि पाण्यापासून लांब.

डासांच्या अळ्या शोधायच्या तर चालू पूलमध्ये त्या क्वचितच मिळतील. बॅलन्स टँकचं (पूलमधून वाहून आलेलं पाणी साठवणारी टाकी) झाकण उचलून टॉर्च मारा. घडी घातलेलं कव्हर उलगडा. पंपरूममधली बादली आणि रिकाम्या केलेल्या पूलच्या खोल टोकाला उरलेलं वीतभर पाणी बघा. शहरी भागात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलिस स्टेफेन्सी अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्या उष्म्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ही फेरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी मारा.