लहान मुलांच्या संधिवातात मेथोट्रेक्सेटचा आठवड्याचा डोस कसा द्यावा

आधी वार पक्का करा. आमच्याकडे शनिवारची रात्र. बेळगाव-खानापूरकडे शनिवारी शाळा सकाळची, रविवारी सुट्टी. जेवण झालं की डोस आणि लगेच झोप, म्हणजे मळमळ बरीचशी झोपेत निघून जाते.

हे औषध आठवड्यातून एकदाच. रोज दिलं तर तोंडभर फोड येतात, रक्तपेशी घसरतात, जिवावर बेततं. डॉक्टरांकडून कागदावर वार लिहून घ्या. मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या जोडीला लिहून देतात ते फॉलिक ॲसिड (एक जीवनसत्त्व), दोन्ही गोळ्या बारीक, बहुधा पिवळ्या असतात. एका डब्यात ठेवूच नका. मेथोट्रेक्सेट 2.5 मिलिग्रॅमची मिळते तशी 10 ची पण मिळते, तेव्हा पाकिटावरचा आकडा दुकानातच वाचा.

आता मळमळ. आमच्या घरी सगळ्यात जड हेच गेलं. काही महिन्यांनी पोर नुसती गोळी बघून ओकाऱ्या काढायला लागतं. शेजारीपाजारी म्हणतात, नखरे. नखरे नव्हेत ते. गोळी आणि मळमळ यांची सांगड शरीरातच बसलेली असते, रागावून ती सुटत नाही. नाक दाबून तर कधीच देऊ नका. कुंद्यात (आमच्या बेळगावकडची दुधाची मिठाई) लपवून द्या, असा सल्ला हमखास मिळतो. तसं केलंत तर पोर कुंदाही सोडेल आणि तुमच्या हातचं खाताना दर वेळी संशय घेईल. गोळी कुटायचीही नाही. तिची पूड इतरांना घातक, घरात गरोदर बाई असेल तर फारच.

दिवसभर डोसचा विषय काढू नका. रात्री हलकं जेवण द्या, आमटी-भात पुरे. डोसआधी द्यायचं उलटीचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. तरी भागलं नाही तर कातडीखालच्या इंजेक्शनचं विचारा. बऱ्याच मुलांना ते सोसतं. दवाखान्यात शिकून घेतलं की घरी देता येतं: मांडीत किंवा पोटावर, दर वेळी जागा बदलून. औषधाचा पिवळा रंग दिसला तरी माझ्या लेकीच्या पोटात ढवळायचं. मात्रा भरून आकडा तपासला की मी नळीवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळते. तेव्हापासून ती आपणहून मांडी पुढे करते.

ताप, जुलाब किंवा घरात-वर्गात कांजिण्या असतील तर डोस थांबवून आधी डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे औषध चालू असल्याचं सांगा. सल्फा-ट्रायमेथोप्रिम हे जंतुसंसर्गावरचं औषध याच्याबरोबर चालत नाही. रक्ततपासणी ठरलेल्या तारखेला.

"पोरगं पळतंय की, आता कशाला औषध?" पाव्हणे असं म्हणणारच. पळतंय ते औषधामुळे. गुण यायलाच 6 ते 12 आठवडे लागतात. मनाने बंद करू नका.

आणि डोळे लाल नसले, दुखत नसले तरी नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पखाली (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणारं यंत्र) तपासून घ्या. या आजारात डोळ्याच्या आतली सूज कुरकुर न करता नजर नेते. काही मुलांना दर 3 महिन्यांनी जावं लागतं; तुमच्या मुलाचं किती, ते डॉक्टरांना आजच विचारा.