आइस मेकरचा बर्फ पांढरट, पोकळ किंवा वासाचा येतोय? मेकॅनिकच्या आधी पाणी तपासा

नाशिकमध्ये एप्रिल-मेत पारा चाळिशीकडे सरकला की कॉलेज रोडच्या ज्यूस सेंटरपासून हायवेवरच्या हॉटेलांपर्यंत बर्फाच्या तक्रारी सुरू होतात. बहुतेकजण थेट ‘गॅस कमी झालाय’ म्हणून मोकळे होतात. माझ्या मते संशयाची पहिली जागा पाणीच.

१. मूठभर क्यूब उजेडात धरा. पूर्ण पांढरट असतील तर क्षारांवर संशय घ्या. पाणी गोठताना क्षार बाहेर ढकलतं. चांगल्या क्यूब मशीनमध्ये पाणी थंड प्लेटवरून वाहत राहतं, क्षार खालच्या ट्रेमध्ये उतरतात आणि ते पाणी मधूनमधून फेकलं जातं. फेकायचा व्हॉल्व्ह किंवा ड्रेन तुंबला की तेच पाणी दाट होत फिरत राहतं.

२. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजा, तोही मशीनच्या नळाशी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे, पण बर्फासाठी त्याहून कमी असलेलं बरं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत बराच फरक पडतो. उन्हाळ्यात टाकीत टँकर रिकामा होतो, त्या दिवशी पुन्हा मोजा. आरओ लावणार असाल तर आधी मॅन्युअल बघा. काही मशीनचे सेन्सर पाण्यातल्या क्षारांमुळे वाहणाऱ्या विजेवर चालतात, अतिशुद्ध पाण्यात ते गडबडतात.

३. क्यूब अर्धवट किंवा पोकळ असतील तर पाणी कमी पोचतंय. फिल्टर, इनलेट व्हॉल्व्हची जाळी आणि फ्लोट (पाण्याची पातळी राखणारा तरंगता भाग) क्रमाने तपासा.

४. आता क्षार काढा. बर्फ फेकून द्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं डिस्केलर (क्षार विरघळवणारं द्रावण) क्लीन मोडवर फिरवा. प्लेटवर निकेलचा मुलामा असेल तर निकेलला चालणारंच घ्या. संडास साफ करायचं ॲसिड ओतू नका, मुलामा जातो. डिस्केलर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. भरपूर पाण्याने धुऊन मगच सॅनिटायझर वापरा आणि नंतरचा पहिला बर्फ टाकून द्या. हे किमान सहा महिन्यांतून एकदा करा. बोअरचं पाणी असेल तर त्याहून लवकर.

५. वीज बंद करून काँडेन्सरवरची, म्हणजे मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची, धूळ मऊ ब्रशने काढा. तंदूरशेजारी ठेवलेलं मशीन पातळ, ओलसर बर्फच देणार.

६. वास येत असेल तर कार्बन फिल्टर, बर्फाची पेटी आणि दाराचं रबर पाहा. पेटीत बिअरच्या बाटल्या किंवा मासे गार करायला ठेवण्याची सवय तर लगेच मोडा!

एवढं करूनही प्लेटच्या एकाच बाजूला बर्फ धरत असेल तर गॅसची शंका रास्त आहे. मग मेकॅनिकला बोलवा आणि टॉप-अपच्या आधी गळती शोधायला लावा.