नाताळच्या घरगुती भेटी: यादीत पहिली ओळ बरण्यांची

मागच्या खेपेला बरण्या मोजायच्या राहिल्या होत्या, म्हणून यंदाची यादी बरण्यांपासूनच सुरू. मेण, साखर, मैदा, तेल हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. भरायचं कशात, हे राहून जातं. ते २३ डिसेंबरला आठवलं तर दोनच वाटा उरतात. एक तर घाईने नव्या बरण्या घ्यायच्या, म्हणजे आतल्या वस्तूपेक्षा काचेलाच जास्त पैसे. नाहीतर नुकत्या धुतलेल्या ओल्या बरण्यांत भरायचं, म्हणजे केलेल्या वस्तूचा गोळा. तेव्हा काय करायचं हे ठरवण्याआधी घरातल्या रिकाम्या काचेच्या बरण्या एका जागी काढा आणि मोजा. झाकणासकट. झाकण बसत नसेल तर ती बरणी मोजायची नाही.

प्रत्येक बरणीत किती मावतं तेही आत्ताच बघून ठेवा. बरणी रिकामी वजनकाट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, गळ्यापर्यंत पाणी भरायचं. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून बुडाला लावा. त्याच पाण्यासकट झाकण घट्ट लावून बरणी दहा मिनिटं कागदावर उलटी ठेवा. कागद ओला झाला तर त्या बरणीत तेलाची वस्तू भरायची नाही.

आता माणसं आणि पैसे. नावं लिहा आणि हाताशी असलेली सगळी रक्कम लिहा. त्यातला पाचवा हिस्सा वेष्टण आणि टपालासाठी आधीच बाजूला काढा, उरलेल्याला माणसांच्या संख्येने भागा. दहा जणांसाठी दहा वेगळ्या वस्तू करायला जाऊ नका. कमी पैशांचं गणित तिथेच बिघडतं, कारण प्रत्येक वस्तूला एखादं तरी असं साहित्य लागतं जे चमचाभर वापरायचं पण पाकीटभर घ्यावं लागतं. दोन, फार तर तीन प्रकार निवडा आणि तेच सगळ्यांना करा.

मग २५ डिसेंबरपासून उलटे दिवस मोजा. कॉस्टिक सोड्याचा थंड पद्धतीचा साबण करायचा असेल तर तो मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पाडायला हवा. तो उशिरा केला तर पाण्यात लवकर विरघळणारा मऊ साबण हातात पडतो. आधी कधी केला नसेल तर पहिला प्रयोग भेटीसाठी करू नका. तरी करणारच असाल तर सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यावर कधीही ओतू नका, ते उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं भांडं नको, हातमोजे आणि चष्मा हवाच. वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण मिळतो. तो काही तासांत बसतो आणि त्यात कॉस्टिक सोडा हाताळायचा धोका नाही. फक्त साच्यातून काढल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा. त्यातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि उघड्या साबणावर घामासारखे थेंब येतात.

लोकरीचा मफलर स्वस्त वाटतो, तसा तो नाही. दीडशे ते एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबीला साधारण २०० ग्रॅम मध्यम जाडीची लोकर लागते आणि वीस तास तरी विणकाम. एकाच खास माणसासाठी ठीक. बाकीच्यांना सुती दोऱ्याची भांडी पुसायची फडकी विणा. एकाला ४० ते ५० ग्रॅम दोरा आणि दोनेक तास पुरतात, दोन फडक्यांची जोडी बांधून दिली की भेट पूर्ण. फडक्याला बरणीही लागत नाही.

मेणबत्त्या. इथे जरा थांबून वाचा. सोया मेणाच्या मेणबत्तीत सुगंध नीट मुरायला एक ते दोन आठवडे जातात, म्हणून ५ डिसेंबरच्या आत ओतून झाल्या पाहिजेत. बरणी जाड काचेची, सरळ कडांची, उष्णता सोसणारी हवी. निमुळत्या गळ्याची नको, तडा गेलेली तर मुळीच नको. पातळ पेले तडकतात. मोजलेल्या बरण्यांपैकी या कसोटीला किती उतरतात ते बघा आणि तेवढंच मेण आणा. सोया मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, १०० मिलिलिटर जागेला साधारण ९० ग्रॅम लागतं. २०० मिलिलिटरची बरणी १७० पर्यंत भरली तर दीडशे ग्रॅम मेण. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या सहा टक्के, म्हणजे ९ ग्रॅम. जास्त घातल्याने वास वाढत नाही, तेल वर सुटतं आणि ज्योत धूर करते.

मेण थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, आणि थर्मामीटर. ८० अंशांच्या आसपास सुगंध घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा, ६० च्या आसपास आलं की ओता. बरणी गार असेल तर मेण काचेपासून सुटून डाग दिसतात, म्हणून ती कोमट करून घ्या. कोमट आणि पूर्ण कोरडी. बुडाला पाण्याचा एक थेंब राहिला तरी वात ओली होते आणि ज्योत तडतडून विझते. मेणाने पेट घेतलाच तर पाणी टाकू नका, आच बंद करून वर झाकण ठेवा.

वात बरणीच्या व्यासाप्रमाणे घ्यायची. बारीक वात मधोमध विहीर करते आणि कडेचं मेण तसंच राहतं, जाड वात काजळी धरते आणि काच तापवते. म्हणून सगळ्या ओतण्याआधी एकच करा, मुरू द्या आणि जाळून बघा. सात सेंटिमीटर व्यासाला तीन तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचायला हवं. पोचलं तर बाकीच्या ओता. हा एक नमुना वाचवायला गेलात तर सगळ्याच मेणबत्त्या फसण्याची जोखीम घेताय.

आता पुन्हा बरण्या, कारण पुढच्या बहुतेक वस्तू कोरड्या आहेत आणि ओलाव्याने मरतात. जुनं लेबल काढायला बरणी गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. चिकट राहिलं तर खायचा सोडा आणि तेल सारखं घेऊन लावा, अर्ध्या तासाने घासून टाका. झाकणाच्या आतल्या रबरात जुना वास धरून राहतो. काचेला वास नसतो, झाकणाला असतो, म्हणून झाकण हुंगून बघा. खायच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवूनही लसणाचा वास गेला नाही तर ती बरणी कोको किंवा बिस्किटांच्या मिश्रणाला नको. धुतल्यावर बरणी कापडावर उलटी ठेवून दिली की सगळ्यांना वाटतं वाळली. नाही वाळत. आत वाफ कोंडते. पाणी निथळलं की सरळ करा आणि तोंड उघडं ठेवून पूर्ण चोवीस तास राहू द्या. झाकणं वेगळी, आटे वर करून, कारण पाणी आट्यांतच लपतं. मग एक बरणी बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून धुकं दिसलं तर अजून वाळायची आहे. घाई असेल तर नुसती काच गार ओव्हनमध्ये ठेवून ११० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा, आतच गार होऊ द्या. झाकण आत घालू नका.

बिस्किटांचं कोरडं मिश्रण एक लिटरच्या बरणीत नेमकं बसतं, कप २४० मिलिलिटरचा धरून. तळाला पावणेदोन कप मैदा, त्यात पाऊण लहान चमचा खायचा सोडा आणि तेवढंच मीठ आधीच चाळून मिसळलेलं. वर पाऊण कप ब्राउन शुगर दाबून, मग अर्धा कप पांढरी साखर, सगळ्यात वर एक कप चॉकलेटचे तुकडे. प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने दाबा, नाहीतर वरचं झाकणात मावत नाही. सोबतच्या चिठ्ठीवर लिहायचं: पाऊण कप मऊ लोणी, एक अंडं, पाऊण लहान चमचा व्हॅनिला, १९० अंशांवर ९ ते ११ मिनिटं. चिठ्ठी नसेल तर ती बरणी म्हणजे नुसता मैदा. ब्राउन शुगर ओलसर असते आणि काही आठवड्यांत दगड होते, म्हणून १० डिसेंबरच्या आधी भरू नका.

गरम चॉकलेटचं मिश्रण सगळ्यांत सोपं. एक कप दूध पावडर, पाऊण कप पिठीसाखर, अर्धा कप कोको, चिमूट मीठ. दोनदा चाळा, कोकोच्या गुठळ्या दुधात फुटत नाहीत. अर्ध्या लिटरच्या बरणीत ठोकून ठोकून बसतं. एक कप गरम दुधाला तीन मोठे चमचे, हेही चिठ्ठीवर. दूध पावडर ओलाव्याला फार हळवी असते, आणि हे तिसऱ्यांदा लिहितोय: बरणी कोरडी.

साखरेचा स्क्रब, म्हणजे अंगाला चोळून धुवायचं मिश्रण: एक कप साखर, अर्धा कप तेल, २५० मिलिलिटरची बरणी. खोबरेल तेल २४ अंशांखाली घट्ट होतं, थंड जागी बरणीतून निघणारच नाही, म्हणून बदामाचं किंवा सूर्यफुलाचं घ्या. सुगंधी अर्क एक टक्का, म्हणजे एवढ्या बरणीला सुमारे अडीच मिलिलिटर, त्यापेक्षा जास्त नाही. थंड दाबून काढलेला लिंबाचा किंवा बर्गमॉटचा (हे लिंबाच्या जातीचं फळ) अर्क नको, तो अंगावर राहिला आणि ऊन लागलं की कातडी भाजते. चिठ्ठीवर दोन गोष्टी: ओला हात बरणीत घालू नये, आणि नहाणीघराची फरशी निसरडी होते. दुसरी सांगितलीच पाहिजे, वयस्कर माणसं पडतात.

आंघोळीचं मीठ: एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) एक कप, जाडं मीठ अर्धा, खायचा सोडा पाव. कोरडी बरणी.

एक वस्तू यादीत येताच कामा नये. तेलात बुडवलेला लसूण किंवा ताजी औषधी पानं दिसायला सुंदर दिसतात, पण हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या तेलात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात आणि त्याचा वास किंवा चव कळत नाही. घरी केलेलं असं तेल कोणालाही भेट देऊ नका. वाळलेल्या पानांचं मिश्रण वेगळं द्या, तेल ज्याचं त्याने घालावं.

बरण्या खरंच कमी पडत असतील तर बरणीशिवायच्या वस्तू. मिठाच्या पिठाची टांगायची सजावट: दोन कप मैदा, एक कप मीठ, पाऊण ते एक कप पाणी, अर्धा सेंटिमीटर जाड लाटून आकार कापा. दोऱ्याचं भोक भाजण्याआधी स्ट्रॉने पाडा, नंतर पाडायला गेलं की तुकडा फुटतो. ११० अंशांवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटा. जास्त आचेवर फुगतात. दोन्ही बाजूंना वॉर्निश लावा, नाहीतर दमट हवेत मऊ पडतात. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना देऊ नका, एवढं मीठ खाल्लं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. संत्र्याच्या चकत्या अर्धा सेंटिमीटर जाड, ९५ अंशांवर चार ते सहा तास, मधूनमधून उलटत. पाण्यात मुळं धरणाऱ्या वेलीच्या फांद्या नोव्हेंबरच्या मध्यात लावल्या तर भेटीची रोपं वेळेवर होतात.

पैसेच नसतील तर श्रमाचं कुपन द्या, पण त्यावर तारीख हवी. "कधीही मुलं सांभाळीन" असं लिहिलेलं कुपन कोणी वापरत नाही. "जानेवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळी चार तास" असं लिहिलं की वापरलं जातं.

लेबलं. वस्तूचं नाव, सगळं साहित्य, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं. मैदा, दूध, अंडं, सुकामेवा आणि बदामाचं तेल वगळायचं नाही, कोणाला ॲलर्जी आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच असं नाही. शाई ओल्या बोटाने पुसून बघा.

वेष्टण: खाकी कागद, सुतळी, जुन्या चादरीचा तुकडा. टपालाने जाणार असेल तर काच नको, तीच वस्तू जाड पिशवीत घालून बरणीचा प्रश्न मिटवा. मेणबत्ती उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीतून पाठवायची नाही. टपाल कार्यालयाची शेवटची तारीख आधी विचारा.

भरताना क्रम असा: स्क्रब आणि मीठ २० ला, ताजी बिस्किटं देणार असाल तर २२ किंवा २३ ला. आदल्या दिवशी मिठाची आणि कोकोची प्रत्येक बरणी उलटी करून हलवा. आतलं मोकळं सरकलं तर लेबल लावा. गोळा धरला असेल तर ती घरात ठेवा आणि त्या माणसाला फडकी द्या, म्हणून फडक्यांची एक जोडी जास्तीची विणून ठेवायची.