उन्हाळ्यात कोंडाणे लेणी: उल्हासच्या खोऱ्यात सहा-आठ जणांनी एका दिवसात कसं जावं

एप्रिल-मेमध्ये कर्जतच्या बाजूला जायचं तर आधी घड्याळ ठरवा, मग वाट. कोंदिवडे गावातून कोंडाणे लेणीपर्यंतची चाल तास-सव्वा तासाची. चढ सोपा, पावसाळ्यात लहान मुलंही आरामात जातात. मे महिन्यात दुपारी बाराला तीच वाट चांगल्या सरावाच्या माणसालाही आडवं करते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असल्याने सकाळी ऊन खोऱ्यात उतरायला वेळ लागतो. दुपारनंतर मात्र ते पश्चिमेकडून थेट कड्यावर पडतं, काळा कातळ तापतो आणि सूर्य कलला तरी धग सोडत राहतो. त्यात कोकणची दमट हवा. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. तेव्हा हिशोब एकच: अकराच्या आत परत गावात.

त्यासाठी पहाटेची पहिली, फार तर दुसरी कर्जत किंवा खोपोली लोकल. सीएसएमटीहून कर्जत साधारण दोन तास. पश्चिम मार्गावरच्यांनी दादरला भेटायचं, बाकीच्यांनी ठाणे-कल्याणला ठरलेल्या डब्यात चढायचं. झोपेत कसारा लोकल पकडली तर कल्याणनंतर गाडी भलतीकडेच जाते. गटात एखादा तरी असा निघतोच. कर्जत स्टेशनबाहेरून कोंदिवड्याला रिक्षा मिळते. रिक्षावाल्याचा नंबर घ्या आणि परतीची वेळ आत्ताच पक्की करा. दुपारी गावात रिक्षेची वाट पाहणं म्हणजे वाचवलेलं सगळं ऊन तिथेच अंगावर घेणं.

गट सहा ते आठ जणांचा ठेवा. पुढे एक, शेवटी एक. शेवटच्याने कुणालाही मागे टाकायचं नाही आणि वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. उन्हाळ्यात गवत वाळून वाटा मोकळ्या दिसतात, पण गुरवाटाही तितक्याच ठळक होतात. फसगत तिथेच होते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गावातला एखादा माहीतगार सोबत घ्यावा, पैसे निघण्याआधी बोलून घ्यावेत, आणि जेवण हवं असेल तर तेही त्याच वेळी सांगून ठेवावं.

पाण्यात काटकसर नको. माणशी तीन लिटर पाठीवर, चौथा लिटर परतल्यावर पिण्यासाठी गावात ठेवलेला. तहान लागेपर्यंत थांबू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून प्रत्येकाच्या एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत जरूर न्या, पण त्यातही मीठ हवं.

डब्यात दशम्या किंवा थालीपीठ, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कांदा, गूळ. ओल्या नारळाची चटणी आणि बटाट्याची भाजी बंद डब्यात, तापलेल्या पाठपिशवीत दहापर्यंत आंबते. कर्जतचा वडा परतीच्या गाडीसाठी राखून ठेवा; चढाआधी तेलकट-तिखट खाल्लं की तहान दुप्पट.

पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, रुंद काठाची टोपी, मानेवर ओला पंचा. पायात पकड असलेले बूट. वाळलेल्या पानांचा थर आणि त्याखालचा घसारा पावसाळी चिखलाइतकाच निसरडा असतो, आणि घसरणारे बहुतेक उतरताना घसरतात. दगडांच्या कपारीत हात घालू नका. फुरसं आणि घोणस सावली शोधत तिथेच बसतात.

लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची: चैत्यगृह, विहार, आणि लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केलेलं दर्शनी कोरीवकाम. पावसाळ्यात पुढ्यात कोसळणारं पाणी आता नसतं, त्यामुळे दर्शनी भाग निवांत पाहता येतो, आणि आत गारवा असतो. पाऊण तास थांबा, जास्त नको. कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात. अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका, धूर, आरडाओरडा, फटाके अजिबात नकोत. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून दाट झाडीत पळा.

आता नदीविषयी, कारण खरा धोका इथे आहे. कोंदिवड्यापाशी उल्हास मेमध्ये आटून डोहांपुरती उरते. वरून संथ, पण तळ दिसत नाही आणि कातळ अचानक खोल जातो. पोहता येणारेही इथे फसतात. गुडघ्यापलीकडे उतरायचं नाही, हे निघतानाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. कर्जतजवळच्या पेज नदीची गोष्ट उलटी. १९२२ पासून चालणाऱ्या भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं, म्हणून ती भर उन्हाळ्यात वाहती. वीजनिर्मितीप्रमाणे पाणी वाढतं, आभाळ कोरडं असतानाही. मघाशी पायी ओलांडलेली जागा तासाभराने ओलांडता येईलच असं नाही. पात्रातल्या खडकावर डबा उघडून बसणं म्हणूनच टाळा.

कुणाला चक्कर, गोळे, मळमळ सुरू झाली की सावलीत आडवं करून पाय उंच, कपडे सैल, ओआरएस घोटघोट, आणि चाल तिथेच संपली. बोलणं असंबद्ध झालं, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. मान, काखा, जांघा भिजवून वारा घालत राहा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका आणि १०८ला फोन करा. खोऱ्यात रेंज दगा देते, म्हणून एकाला गावाकडे पिटाळायची तयारी ठेवा.

परतीची गाडी रविवारी असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या रात्री तपासा. ब्लॉकमध्ये सापडायचं असेल तर गावातल्या आंब्याखाली चारपर्यंत झोपलेलं बरं. वाटेत कुणी करवंदं-जांभळं विकत बसलेलं असेल तर सुट्टे पैसे खिशात असू द्या.