परदेश प्रवासात जीवनसत्त्वे आणि पूरके सोबत नेताना

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते ते औषध आणि चिठ्ठीविना मिळते ते पूरक, अशी ढोबळ समजूत बाळगून बहुतेक प्रवासी जीवनसत्त्वांच्या बाटल्या बॅगेत टाकतात. सीमा ओलांडल्यावर ही समजूत टिकेलच असे नाही. एकच गोळी एका देशात खाद्यपदार्थांबरोबर विकायला ठेवलेली असते, दुसऱ्या देशात ती औषध गणली जाते आणि तिसऱ्या देशात ती जवळ सापडणे हाच गुन्हा ठरू शकतो. झोपेची घडी बसवण्यासाठी अनेक जण लांबच्या प्रवासात घेतात ते मेलॅटोनिन अमेरिकेत पूरक म्हणून सहज मिळते, ब्रिटनमध्ये त्यासाठी चिठ्ठी लागते, तर ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांवरील व्यक्तींना ठरावीक मात्रेत ते औषधविक्रेता चिठ्ठीविना देऊ शकतो, इतरांना नाही. स्नायू आणि ‘तारुण्य’ यांच्या नावाने खपणारे डीएचईए अमेरिकेत पूरक आहे आणि शेजारच्या कॅनडात नियंत्रित पदार्थ आहे. म्हणून तयारी करताना बाटलीवरच्या ब्रँडपेक्षा तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी महत्त्वाची मानावी.

नेण्याची गरज आहे का?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कमी नेणे. ज्यांच्या शरीरात ब जीवनसत्त्वाची कमतरता नाही, त्यांच्या यकृतात बी-१२ चा साठा दीर्घकाळ पुरेल इतका असतो. ड जीवनसत्त्वही शरीरातील चरबीत साठून राहते. त्यामुळे केवळ सवय म्हणून घेतली जाणारी मल्टिव्हिटॅमिनची गोळी दोन आठवडे चुकली, तर सर्वसाधारण निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. माझ्या मते अशा गोळ्या छोट्या सहलीला घरीच ठेवाव्यात.

डॉक्टरांनी निदान करून दिलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. गरोदरपणातील लोह आणि फॉलिक आम्ल, थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतरचे कॅल्शियम, पोटातून बी-१२ शोषले जात नसल्याने घ्यावी लागणारी इंजेक्शने ही नावाने पूरके असली, तरी उपचारच आहेत. ती चेक-इन सामानात न टाकता हातातील बॅगेत ठेवावीत, कारण सामान उशिरा पोहोचणे किंवा हरवणे ही काही दुर्मीळ घटना नव्हे. प्रवासाचे दिवस मोजून त्यावर आठवडाभराचा जास्तीचा साठा पुरेसा होतो. इंजेक्शन न्यायचे असेल, तर सुई-सिरिंजचा स्पष्ट उल्लेख असलेले डॉक्टरांचे पत्र सोबत असलेच पाहिजे.

घटकांची तपासणी

नियम पाहताना अनेकांची गफलत होते ती येथे. पूरकांशी संबंधित नियम एकाच कार्यालयाकडे नसतात. औषध नियंत्रण करणारी संस्था एक, सीमाशुल्क विभाग दुसरा आणि वनस्पती-प्राण्यांचे रोग देशात येऊ नयेत म्हणून काम करणारा जैवसुरक्षा विभाग तिसरा. पहिल्याने हरकत घेतली नाही, म्हणजे तिसराही घेणार नाही असे समजू नये. तिन्हींची अधिकृत संकेतस्थळे पाहावीत आणि शंका राहिल्यास त्या देशाच्या दूतावासाला घटकाचे शास्त्रीय नाव देऊन लेखी विचारावे. विमान जिथे बदलायचे आहे, त्या देशाचेही नियम पाहणे आवश्यक आहे. विशेषतः तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करायचे असेल तर.

साधी जीवनसत्त्वे आणि खनिजे सहसा अडत नाहीत. अडचण मुख्यतः प्रमाणाची असते. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतचा औषधी साठा नेता येतो, तर जपानमध्ये जीवनसत्त्वांसाठी चार महिन्यांपर्यंतची मुभा आहे. या मर्यादेत राहिले, तरी एकाच प्रकारच्या दहा सीलबंद बाटल्या दिसल्यास अधिकाऱ्याच्या मनात विक्रीचा संशय येणे स्वाभाविक आहे. नातेवाइकांसाठी म्हणून नेलेल्या बाटल्या ‘स्वतःच्या वापरासाठी’ या सवलतीत बसतातच असे नाही, हेही लक्षात असावे.

खरी सावधगिरी वनौषधी आणि प्राणिजन्य घटकांच्या बाबतीत हवी. सर्पगंधेत रेसर्पिन हे रक्तदाब कमी करणारे द्रव्य असते, त्यामुळे तिच्या गोळ्या ‘केवळ वनस्पती’ म्हणून सोडल्या जातील अशी खात्री बाळगू नये. इफेड्राच्या अल्कलॉइडयुक्त पूरकांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. पारा किंवा शिसे असलेली रसौषधी अनेक ठिकाणी अडवली जातात, आणि तीही योग्य कारणासाठी. कोष्ठ ही वनस्पती दुर्मीळ प्रजातींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्यावरील बंधने सर्वांत कडक आहेत. अमेरिकन जिनसेंगची मुळे दुसऱ्या परिशिष्टात येतात. भांगेच्या कुळातील सीबीडी असलेले तेल किंवा कॅप्सूल तर संयुक्त अरब अमिरात किंवा सिंगापूरला जाताना मुळीच जवळ बाळगू नये. ते खरेदी केले त्या देशात कायदेशीर होते, हा बचाव तिथे चालत नाही.

मधमाशीपासून मिळणारी प्रोपोलिस, रॉयल जेली, परागकण यांसारखी उत्पादने न्यूझीलंडच्या सीमेवर कडक तपासणीला सामोरी जातात. युरोपीय संघाबाहेरून संघातील देशांत जाणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुग्धजन्य पदार्थ सामानात नेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. व्हे प्रोटीन दुधापासूनच बनते, त्यामुळे त्याचा मोठा डबा नेण्यापेक्षा तिथे पोहोचल्यावर विकत घेणे शहाणपणाचे.

बांधाबांध

आठवड्याच्या वारांची घरे असलेला गोळ्यांचा डबा घरी सोयीचा असतो, सीमेवर मात्र तोच त्रासाचा ठरतो. त्यातल्या पांढऱ्या, गोल, कोणतीही खूण नसलेल्या गोळ्यांकडे पाहून ते कॅल्शियम आहे की आणखी काही, हे अधिकाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून गोळ्या मूळ बाटलीत किंवा छापील स्ट्रिपमध्येच न्याव्यात आणि वारांचा डबा रिकामा नेऊन मुक्कामी पोहोचल्यावर भरावा. मोठी बाटली नेणे जिवावर येत असेल, तर प्रवासापुरती लहान बाटली विकत घ्यावी. दोन प्रकारच्या गोळ्या एका बाटलीत भरण्याचा मोह टाळावा. सोबत एका कागदावर प्रत्येक पूरकाचे नाव, मुख्य घटक, एका गोळीतील मात्रा, रोजचे प्रमाण आणि घेण्याचे कारण इंग्रजीत लिहून ठेवावे. लेबलांची छायाचित्रे मोबाइलमध्ये असावीतच, पण ती कागदाला पर्याय नव्हेत.

हातातील सामानात द्रव पदार्थांसाठी अनेक विमानतळांवर प्रत्येकी १०० मिलिलिटरची मर्यादा अजूनही आहे. औषधांना तीतून सूट मिळते, पण चिठ्ठी नसलेल्या टॉनिकला किंवा माशाच्या तेलाच्या बाटलीला ती मिळेल असे गृहीत धरू नये. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातील पावडरीची अधिक तपासणी होऊ शकते. ती चेक-इन सामानात टाकलेली बरी.

उष्णता आणि ओल ही पूरकांची दोन मोठी शत्रू. नव्या बाटलीत वरच्या बाजूला कापसाचा बोळा असतो. तो वाहतुकीत गोळ्या फुटू नयेत म्हणून असतो आणि बाटली उघडल्यावर हवेतील ओल धरू लागतो, म्हणून तो काढून टाकावा. सिलिका जेलची पुडी मात्र आत राहू द्यावी. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या तेलाच्या मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. प्रोबायोटिक निवडताना साधारण तापमानाला टिकणारे निवडावे, कारण हॉटेलच्या खोलीतील छोट्या फ्रिजवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. लहान मुले सोबत असतील, तर लोहाच्या गोळ्या झाकण सहज न उघडणाऱ्या बाटलीतच ठेवाव्यात. जास्त लोह पोटात गेल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि प्रवासात बॅगा नेहमी जमिनीवर, मुलांच्या हाताच्या उंचीवर असतात.

सीमेवर

घोषणापत्रावर अन्न, वनस्पती किंवा औषध यांबद्दल प्रश्न असेल आणि उत्तराबाबत थोडीही शंका असेल, तर ‘हो’ असे लिहावे. घोषित केलेली वस्तू सहसा फार तर जप्त होते. न्यूझीलंडमध्ये जोखमीची वस्तू घोषित न केल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो.

तिकडे असताना

प्रवासात नवी औषधे पोटात जातात आणि पूरके त्यांच्या आड येतात. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन आणि जुलाबासाठी कधीकधी दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांचे कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा जस्त यांच्याशी पोटात संयुग बनते आणि औषध पुरेसे शोषले जात नाही. अशा वेळी दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे किंवा औषधाचा क्रम पूर्ण होईपर्यंत खनिजांच्या गोळ्या थांबवाव्यात. कोणते करायचे ते औषध देणाऱ्यालाच विचारावे. केसांसाठी बायोटिन मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांनी रुग्णालयात रक्ततपासणीची वेळ आल्यास ते आवर्जून सांगावे, कारण त्यामुळे हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनसारख्या चाचणीचा निकाल चुकीचा येऊ शकतो.

गोळ्या हरवल्या आणि तिथेच घ्यायची वेळ आली, तर एककांकडे नीट पाहावे. ड जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आंतरराष्ट्रीय एकके; ‘२५’ लिहिलेली गोळी ‘१०००’ लिहिलेल्या गोळीइतकीच असू शकते. लोहाच्या बाबतीत क्षाराचे वजन आणि प्रत्यक्ष लोहाचे वजन निराळे असते. फेरस सल्फेटच्या ३२५ मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असते, त्यामुळे लेबलवर कोणता आकडा दिला आहे ते औषधविक्रेत्याकडून समजून घ्यावे.

परदेशात स्वस्त किंवा सहज मिळाले म्हणून परतताना विकत घेतलेल्या पूरकांनाही हीच तपासणी लागू होते, फक्त नियम आता आपल्या देशाचे पाहायचे. खरेदीची पावती बाटलीसोबत ठेवावी. ज्या बाटलीवरची घटकांची यादी आपल्याला वाचता येत नाही, ती विकतच घेऊ नये.