घरात बोलका रोबोट आणायचाय? आधी घरच्यांना काय वाटतंय ते बघा

नाशकात रोबोट म्हटलं की निम्म्या लोकांना सातपूर-अंबडच्या कंपन्यांतला वेल्डिंगचा रोबोट आठवतो, जाळीच्या आत चालू असतो आणि जवळ जायचं नाही एवढंच माहीत. घरातला मान वळवतो, डोळे मिचकावतो, "आजी, गोळी घेतली का" विचारतो. तर रिटायर्ड काकांना तो मशीन वाटणार, नातवाला मित्र, आणि आजींना बहुतेक घरात शिरलेला कुणीतरी परका. म्हणून फीचर्स नंतर बघा, आधी प्रत्येकाला सरळ विचारा, की हा बोलला तर चालेल का आणि बघत बसला तर चालेल का. दोन्हीची उत्तरं वेगळी येतात बरं का.

चेहरा निवडताना माणसासारखा जितका कमी तितकं बरं, असं माझं मत. मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी 1970 मध्येच लिहून ठेवलंय की यंत्र माणसाच्या फार जवळ गेलं पण पूर्ण माणूस वाटलं नाही तर आपल्याला ते भयाण वाटायला लागतं. जपानचाच पारो नावाचा रोबोट बघा, तो सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा केलाय, आणि तेही मुद्दाम, कारण कुत्रा-मांजर केलं असतं तर लोक लगेच खऱ्याशी तुलना करत बसले असते. सील कुणी पाळलाय?

आता जागा, आणि भांडणं इथेच होतात. हॉलमध्ये ठेवायचा तर कॅमेऱ्याचं तोंड बेडरूमच्या दाराकडे नको, देवघराकडे नको. गावाकडून पाहुणे आले की आजी हॉलमध्येच गादी टाकून झोपतात, पदर सारखा करतात, आणि समोर ते डोळे फिरतायत म्हटल्यावर पहिल्याच रात्री त्याच्यावर टॉवेल पडणार. पडू द्या, हसू नका. उलट कॅमेऱ्याला सरकवायचं झाकण असलेलंच मॉडेल घ्या, आणि माइक बंद कसा करायचा, बंद झाल्यावर लाईट कुठला लागतो, हे आजींच्या हातूनच करून घ्या. बटण आपल्या हातात आहे हे कळलं की निम्मी धास्ती जाते.

मराठीची टेस्ट दुकानातल्या शांततेत करून उपयोग नाही, फॅन फुल, कुकरची शिट्टी, टीव्हीवर सिरीयल, त्यात कळलं तर कळलं. नाव काहीही ठेवा, फक्त घरातल्या कुणाचं नको, नाहीतर हाक एकाला आणि ओ दुसऱ्याची.

लहान मुलं असतील तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, की हा कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. मुलांसाठीचा मॉक्सी नावाचा रोबोट होता, डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या कंपनीने बंद होतोय म्हणून कळवलं आणि आईबापांवर पोरांना समजावत बसायची वेळ आली. जिबो नावाच्या घरगुती रोबोटचंही 2019 मध्ये तसंच झालं. म्हणून लाईट गेली, वायफाय गेलं तर यातलं काय काय चालतं हे घेतानाच विचारा, आणि गोळ्यांची आठवण तर फक्त त्याच्या भरवशावर अजिबात सोडू नका, साधा अलार्म राहू द्या.

आठवडाभराने एक दिवस न सांगता बंद ठेवून बघा, कोण विचारतं ते. कुणीच नाही विचारलं तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करून टाका.