गोधडीची मांडणी अर्ध्यावर बदलताना

समजा, 8.5 इंचांचे 70 चौकोन कापले आहेत. चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) गेली की एक चौकोन 8 इंच भरतो. आडवे 7 आणि उभे 10 लावले तर 56 बाय 80 इंच होतात. भोवती 2 इंच काठ धरला की 60 बाय 84, म्हणजे एकट्याच्या गोधडीचं माप. चार ओळी जोडल्यावर दिसतं की गडद रंग सगळे एका अंगाला गेलेत.

लगेच उसवू नका. सगळं जमिनीवर पसरा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेला की फिकं-गडद कुठे साचलंय ते स्पष्ट दिसतं. पुष्कळदा तीन-चार चौकोनांची अदलाबदल पुरते.

उसवायचंच असेल तर एका बाजूचा दर चौथा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून काढा. दोन तुकडे धरून ताणू नका. जुन्या साडीचं विरलेलं सूत शिवणीच्या रेषेतच फाटतं. मग पाण्याचा हबका मारून उलट बाजूने इस्त्री करा आणि प्रत्येक तुकडा पुन्हा मोजा. कडेचे धागे सुटून काही 8.25 इंचांवर आले असतील, तर सगळेच तेवढे छाटा आणि पुढचा हिशेब नव्याने करा. हे टाळलं तर कोपरे जुळत नाहीत.

रंग एकमेकांना मारत असतील तर मध्ये एकरंगी पट्ट्या घाला. पट्टी 2.5 इंच कापली की 2 इंच दिसते. आडवे 6, उभे 8 चौकोन घेतले तर 58 बाय 78 इंच होतात. 48 चौकोन लागतात, 22 उरतात. 8.5 इंचांच्या 40 आखूड पट्ट्या आणि 58.5 इंचांच्या 7 लांब पट्ट्या लागतील. पावणेदोन मीटर साडीत हे सगळं बसतं. लांब पट्ट्या उभ्या धाग्यात आणि आधी मापाने कापा. न मोजता पट्टी लावत जाऊन शेवटी उरलेलं छाटलं की गोधडीला लाटा पडतात. पट्टीवर चौकोनांच्या जागा खडूने आखल्या नाहीत तर उभ्या रेषा सरकतात.

माप जवळपास तेच ठेवून रूप पालटायचं असेल तर चौकोन तिरके लावा. मला हा मार्ग जास्त आवडतो. 8 इंचांच्या चौकोनाचा कर्ण 11.3 इंच. आडवे 5, उभे 7 आणि मधल्या खाचांत 24, असे 59 चौकोन लागतात आणि 56.5 बाय 79 इंच भरतं. कडेला 20 त्रिकोण हवेत: 12.75 इंचांचे 5 चौकोन दोन्ही कर्णांवर कापा. चार कोपऱ्यांसाठी 6.75 इंचांचे 2 चौकोन एकाच कर्णावर कापा. 44 इंच पन्ह्याचं पाऊण मीटर कापड पुरतं. कापण्याची ही पद्धत उलटी करू नका. गोधडीच्या बाहेरच्या कडेला सरळ धागाच यायला हवा; तिथे उरेब (तिरका धागा) आला की कड ताणत जाते आणि काठ लावताना चुण्या पडतात. ओळी तिरक्या जोडाव्या लागतात, म्हणून प्रत्येक ओळीला चिठ्ठीवर आकडा टाचून ठेवा.

अस्तर आणि मधले थर घालून धावदोरा सुरू झाला असेल तर उसवण्याच्या फंदात पडू नका. दाट टाके काढले की सुईची भोकं राहतात आणि थर सरकतात. खटकणाऱ्या चौकोनावरच कडा पाव इंच आत मुडपून नवं ठिगळ लावा, आधी कच्चे टाके घाला आणि आजूबाजूच्या धावदोऱ्याच्या ओळी त्यावरून तशाच पुढे न्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच करतात: कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने तुकडे लावत मध्याकडे, शिवता शिवताच मांडणी ठरते. त्या रीतीने करायचं असेल तर मधला भाग शेवटपर्यंत मोकळा ठेवा आणि मोठे, गडद तुकडे त्यासाठी राखून ठेवा.